मेलेल्या मायचा पास

बायकोच्या तेरवीला एक बाई जेवता जेवता म्हणाली, "लय सुखाची गेली जी. साऱ्या जिंदगीत कामासाठी घराच्या बाहेर पाय टाकाव नाही लागला तिले."

मी भिंतीला पाठ लावून बसलो होतो. म्हणालो, "तुमाले काय मालूम? वरण घ्या अन् चुपचाप जेवा."

पोरीने मला हाताला धरून मागच्या खोलीत नेलं. म्हणाली, "बाबा, लोकं आपल्यासाठी आले आहेत." आले असतील. मी चौथी शिकलेला माणूस. गोड बोलणं बायको जिवंत होती तेव्हा जमलं नाही, आता कुठून आणू? पण त्या बाईचं बोलणं माशाच्या काट्यासारखं घशात बसलं आहे. बायको कामासाठी घराबाहेर का पडली नाही, हे मालूम असलेला आता मी एकटाच उरलो. मी गेलो की तेही जाईल. म्हणून लिहितो.

आम्ही रेल्वे लाइनीच्या पलीकडच्या वस्तीत राहायचो. दीड खोली. एका खोलीत चूल आणि बाज, अर्ध्या खोलीत पाण्याचे गुंड आणि पोरीचं दप्तर. मी गिरणीत बदली होतो. आता गिरण्याच राहिल्या नाहीत, तर बदली म्हणजे काय ते सांगावं लागतं. कायम माणूस आला नाही तर त्याच्या साच्यावर, म्हणजे मागावर, ज्याला उभं करतात, तो बदली. रोज सकाळी भोंग्याच्या आधी फाटकावर जायचं, हातात पास धरायचा आणि जॉबरच्या, म्हणजे मुकादमाच्या, तोंडाकडे बघत उभं राहायचं. कोणाला ताप आला, कोणाच्या घरी मौत झाली, कोणाच्या साळ्याचं लग्न निघालं, की जॉबर बोट दाखवायचा, "तू. चल." दुसऱ्याच्या घरी काही झालं तरच माझी चूल पेटायची. उन्हाळ्यात लग्नाच्या तिथी असल्या की आम्ही बदलीवाले खूश. ज्याचं लग्न त्याला आमच्याइतका आनंद होत नसेल.

जॉबरने बोट दाखवलं नाही तर परत घरी. मग दुपारच्या पाळीला पुन्हा फाटक. दुसरं काम धरता येत नव्हतं. फाटकावर दिसला नाही तर नाव खाली सरकायचं, आणि नाव खाली गेलं की कायम होणं आणखी लांब. लोक म्हणायचे, सोड ना बाबा, सीताबर्डीच्या बाजारात हमाली कर, रिक्षा चालव. सोडणं सोपं नसतं. जितकी वर्षं उभा राहिलो तितकी वर्षं पाण्यात जातात. रांगेत पुढे आलेला माणूस रांग सोडत नाही, मग ती रांग कुठे का जाईना. मी कायम झालो तो केस पांढरे झाल्यावर, आणि मग थोड्याच दिवसांत गिरणीला कुलूप लागलं. पण ते नंतरचं.

घर चालायचं बायकोच्या हातावर. ती विड्या वळायची. सकाळी भाकरी झाल्या की तेंदूची पानं ओल्या गोणपाटातून काढायची, कैचीने कापायची, सूप मांडीवर घ्यायची आणि बसायची. बोटं चालायची आणि तोंडही चालायचं. गंमत अशी की ज्या पासावर तिला वळायला पान-जर्दा मिळायचा तो पास तिच्या नावाचा नव्हता. माझ्या मायच्या नावाचा होता, आणि माय मरून दोन वर्षं झाली होती.

झालं ते असं. माय मेली तेव्हा विडीचा ठेकेदार मौतीला आला होता. खांदाही दिला त्याने. घाटावरून परतताना माझ्या बाजूला चालत म्हणाला, "पास बुढीच्याच नावानं राहू दे गा. नवा पास काढाचा म्हणजे सतरा भानगडी. सून वळन, काय फरक पडते? विडीले थोडीच मालूम आहे कोणाच्या हातानं वळली ते."

मी विचारलं, "अन् कोणी विचारलं तर?"

"कोण विचारते? विचारलंच सरकारी माणसानं, तर सांगाचं, म्हातारी वळते, गावाले गेली आहे. एवढंच पाठ कर."

मायची चिता मागे जळत होती आणि मी पाठ केलं. ठेकेदाराचा त्यात काय फायदा होता ते मला तेव्हा कळलं नाही, आताही पूर्ण कळलं असं नाही. नवा माणूस कागदावर घेतला की त्याचा हक्क लागतो, म्हातारं माणूस कागदावरून कधीही पुसता येतं, असंच काही असेल. आम्हाला पान मिळत होतं. बस.

आता जे सांगायचं आहे ते आणीबाणी उठल्यावरच्या एका उन्हाळ्यातलं. वस्तीतल्या मारुतीच्या देवळाजवळ बालवाडी सुरू होणार होती. एक बाई छत्री घेऊन घरोघर फिरली. तिला पोरं गोळा करणारी, त्यांना गाणी शिकवणारी, दुपारी उसळ वाटणारी एक जण पाहिजे होती. वस्तीतलीच, आणि वाचता येणारी. माझी बायको सातवी पास होती. माझ्यापेक्षा तीन इयत्ता पुढे. भांडणात ती हे काढायची नाही, पण दोघांनाही मालूम होतं. छत्रीवाल्या बाईने तिला पुस्तक वाचायला लावलं, एक गाणं म्हणायला लावलं आणि म्हणाली, "एक तारखेला या. तुम्ही नाही आलात तर मी दुसरीला घेईन, माझ्याकडे वेळ नाही."

बायकोने त्याच दिवशी तिची निळी साडी घडी करून बाजेवरच्या गादीखाली टाकली. इस्त्री कुठली आमच्याकडे? गादीखाली ठेवायची, रोज वर झोपायचं, घडी आपोआप बसते.

मी म्हणालो, "तू तिकडे गेली तर विड्या कोण वळन?"

"दुपारून वळीन ना."

"अर्ध्या होतील. ठेकेदार पास काढून घेईन."

"मग तुम्ही फाटक सोडा अन् काही धरा."

"एवढे वर्ष उभा राहिलो, अन् आता सोडू? काहून, डोकं फिरलं का माह्यं? आधी कायम होऊ दे मले. मग जा तू कुठं जाचं तिथं."

"तुम्ही कायम होईपर्यंत मीच कायमची जाईन," ती म्हणाली आणि भाकरी उलटली. ती असंच बोलायची. आम्ही दोघंही.

मी फाटक सोडत नव्हतो म्हणून ती विडी सोडू शकत नव्हती, आणि ती विडी वळत होती म्हणून मला फाटकावर उभं राहायला परवडत होतं. बैल घाण्याला फिरतो तसे आम्ही एकमेकांच्या भोवती फिरत होतो. पण तिने साडी गादीखालून काढली नाही.

त्याच आठवड्यात सर्वेवाला आला.

आणीबाणीत नसबंदीवाल्यांनी वस्तीत असा धाक बसवला होता की काखेत कागद आणि पायात बूट असलेला माणूस दिसला की बाप्ये मागच्या बाजूने रेल्वे लाइन ओलांडून पसार व्हायचे. त्या दिवशी दुपारी बाजूच्या घरातली काकू ओरडली, "कागदवाला आला वं! माणसं घरात असतीन तर काढा बाहेर!" शेजारचे दोघं टिफिन सोडून पळाले. मी तेव्हाच फाटकावरून रिकामा परत आलो होतो. तळपाय भाजले होते. म्हणालो, काय कापायचं ते कापा, मी उठत नाही.

बायकोला माझी चिंता नव्हती, पानाची होती. तिने ओलं गोणपाट पानासकट उचललं, गादीखाली सारलं, वर गोधडी टाकली आणि त्यावर बसली. सूप बाजेखाली सरकवलं. जर्द्याचा वास मात्र कुठे लपवणार?

माणूस दारात वाकला. पोरगेलासा होता, घामाने निथळलेला, बोलणं शाळेतल्या मास्तरसारखं. "घाबरू नका दादा. मी काही टोचायला नाही आलो. कोण काय काम करतं, तेवढं विचारायचंय. सरकारला आकडा पाहिजे." आणि शिंकला. "जर्द्याचा वास येतोय."

"मी खातो," मी म्हणालो. मी तंबाखू कधी खाल्ली नाही.

त्याला गुंडातलं पाणी दिलं. तो खाली सतरंजीवर बसला. "घरात किती माणसं?"

"मी, बायको, पोरगी." आणि ठेकेदाराचं पाठ केलेलं आठवलं. "अन् माय."

बायकोने माझ्याकडे बघितलं.

"आई कुठे आहेत?"

"गावाले गेली."

"कधीपासून?"

"झाला महिना."

"परत येणार ना?"

याचं उत्तर ठेकेदाराने शिकवलं नव्हतं. म्हणालो, "येईन ना. जाईन कुठं?"

बायकोने पदर तोंडात धरला. तो म्हणाला, "मग त्यांना घरातच धरावं लागेल. वय?"

"सत्तरच्या वर असन."

"काम काही करतात?"

"विड्या वळते."

"या वयात?"

"हात चांगले आहेत तिचे."

"अजून चष्मा नाही लागला," बायको बाजेवरून म्हणाली. तिला हसू फुटत होतं, मलाही. मेलेल्या मायला आम्ही दोघं मिळून कामाला लावत होतो.

"पण त्या गावाला आहेत ना? मग मागच्या आठवड्यात कशा वळल्या?"

"पान-जर्दा संगं घेऊन गेली."

त्याने डोकं खाजवलं आणि लिहिलं. मग माझ्याकडे वळला. इथे आमची गाडी अडकली. त्याने विचारलं, मागच्या आठवड्यात रोज काय केलं? मी म्हणालो, रोज गिरणीत गेलो.

"म्हणजे रोज काम केलं?"

"काम एक दिवस मिळालं. बाकीचे दिवस फाटकावर होतो."

"म्हणजे बाकीचे दिवस काम नव्हतं."

"काम आहे ना मले. गिरणीत आहो मी. पास आहे." पास काढून दाखवला.

"बरं, मग त्या दिवशी दुसरं काम शोधलं का?"

"शोधू काहून? काम आहे म्हणून सांगून राहिलो ना."

"पण केलं नाही."

"दिलं नाही!"

"त्यांना विचारू नका जी," बायको म्हणाली. "हे फाटकावर उभं राहणं हेच काम समजते. घाम येते ना तिथं."

मला राग आला. तो पोरगा हसला नाही, एवढं त्याचं बरं. त्याने काहीतरी लिहिलं, खोडलं, पुन्हा लिहिलं. मग म्हणाला, "वहिनी काय करतात?"

"काही नाही," मी म्हणालो. "घरीच असते."

तसं त्याने लिहून घेतलं. बायको पानाच्या ढिगावर बसून होती, बोटांच्या टोकांना जर्दा लागलेला होता, आणि घरकामाशिवाय ती काही करत नाही हे पक्कं झालं. मला त्यात काही वावगं वाटलं नाही. तिलाही वाटलं नसावं. इथपर्यंत सगळं गमतीतच चाललं होतं.

मग त्याने पान उलटलं आणि तिच्याकडे बघून विचारलं. "वहिनी, घरकाम सांभाळून घरच्या घरी एखादं काम मिळालं, तर कराल का?"

"घरी?"

"हो. घरबसल्या."

ती इतकी हसली की ठसका लागला. डोळ्यांतून पाणी आलं. मी गुंडातून पेला भरून दिला. पाणी प्यायली, पदराने डोळे पुसले. म्हणाली, "नाही. घरी नको."

"मग कामाची इच्छा नाही, असं लिहू?"

"इच्छा नाही असं कोण म्हटलं? घरी नको म्हटलं मी. बाहेर पाहिजे. सकाळी जाव लागते असं. गेलं की कोणी म्हणते, आली का बाई. अन् मंग म्हणते, जा आता, झालं तुमचं. झालं म्हणणारं काम पाहिजे मले. घरचं कधी होते का? मी झोपली तरी ते माह्या उशाशी बसून राहते."

पोरगा कागदावर इकडेतिकडे बघत होता. "इथे फक्त घरच्या घरी असं विचारलंय. बाहेरच्याला जागा नाही."

"जागा नाही का? मंग कुठं तरी कोपऱ्यात लिहा. एक काम आलं आहे मले, बालवाडीचं. एक तारखेले बोलावलं आहे. हे जाऊ नाही देऊन राहिले."

"ते घरातलं आहे," मी म्हणालो. "ते लिहाचं नाही."

"तुमच्या मायचं लिहून नेते, अन् माह्यं नाही?"

पोरगा उठला. त्याला आणखी घरं करायची होती. दारात चप्पल घालताना मी विचारलं, "तुमची तरी नोकरी कायमची आहे का?"

"कुठली, दादा! काही महिन्यांची. पुढे ठेवतील की नाही, कोणाला माहीत."

"मग तुम्ही बी बदलीच."

"बदलीच म्हणा," तो म्हणाला आणि काकूच्या दारात वाकला.

बायको बाजेवरून उठली. गोणपाटाचं पाणी झिरपून साडीला लागलं होतं. निळ्या साडीवर पानाचा तपकिरी डाग, हातभर. तेंदूचा डाग जात नाही. तिने साडी झटकली, उजेडात धरली. "निऱ्यांच्या आत जाईन, दिसणार नाही. हेच नेसून जाईन मी," म्हणाली. मला विचारत नव्हती.

दोन दिवस आम्ही बोललो नाही. तिसऱ्या दिवशी तिनेच तोड काढली. काकूच्या घरी हात रिकामे होते. मायच्या पासावरचं पान काकू उचलेल, तिच्या घरी वळेल, आणि आमच्या वाट्याचं आम्हाला देईल. बायको दुपारून घरी येऊन काकूला हातभार लावेल. काकू तयार होती. मी फाटकावर उभं राहून त्या तोडीत खोट शोधली, मिळाली नाही. घरी येऊन म्हणालो, "जा मग. पण पोरीची शाळा पाहून जा."

"पोरगी काय उडून चालली?" ती म्हणाली. पण त्या संध्याकाळी तिने वांग्याची भाजी केली, आणि वळता वळता पोरांचं गाणं म्हणत होती. चिऊताईचं काहीतरी. त्या घरात तिला तसं गाताना मी आधी ऐकलं नव्हतं.

एक तारखेच्या आदल्या दिवशी ठेकेदार आला. सायकल भिंतीला टेकवली, आत आला नाही. "कागदवाला तुमच्या घरी लय वेळ बसला म्हणते. काय सांगतलं?"

मी छाती काढून म्हणालो, "तुम्ही पाठ करून दिलं तेच. म्हातारी वळते, गावाले गेली."

"लिहून नेलं?"

"नेलं."

त्याचं तोंड उतरलं. "अरे बाप्पा, तोंडी सांगाचं होतं. लिहून कायले दिलं?" मग काकूच्या घराकडे बघितलं. "अन् पान आता काकूच्या घरी जाणार म्हणते. हे बघ गा. सरकारनं लिहून नेलं की या घरात म्हातारी विड्या वळते. आता पडताळणीले वरचा साहेब येईन. त्यानं पाहिलं की पास इथला, पान तिथं, म्हातारी कुठंच नाही, मंग? मेलेल्या माणसाच्या नावानं खाऊन राहिले तुम्ही. जेलात नेते त्याच्यात. माह्या नावानं ओरडू नको मंग. पान या घरातून हललं नाही पाहिजे, अन् तुह्या बाईचे हात बी. साहेब येऊन जाईपर्यंत तरी. नाहीतर आजच पास दे इकडे."

बायको आतून सगळं ऐकत होती.

आता कोणी शहाणा म्हणेल, ते आकडेवाले, त्यांना जेलाशी काय? आज मलाही मालूम आहे. तेव्हा मालूम नव्हतं, ठेकेदारालाही नसेल, किंवा असेलही. आणीबाणीतून आलेली आम्ही माणसं. कागदावर गेलं म्हणजे गेलं. आणि माझ्या मागे फाटक होतं. जॉबर म्हणाला होता, कायम करायची यादी वर गेली आहे, महिनाभर कोणाचं काही लफडं ऐकू येऊ देऊ नका. घरी पोलीस आला असता तर माझं नाव कुठे गेलं असतं?

मी बायकोला म्हणालो, "उद्या जाचं नाही."

लोकांना वाटतं म्हाताऱ्याने आता रडून सांगावं की मी चुकलो. नाही सांगत. पास गेला असता तर तिघांनी काय खाल्लं असतं? तीच वेळ आली तर मी तेच सांगेन. पण ती "बरं" सुद्धा म्हणाली नाही, हे मात्र लिहितो. भांडली असती तर मी उलट बोललो असतो. ती बोललीच नाही.

एक तारखेला जॉबरने मला बोलावलं नाही. परत आलो तर ती निळी साडी नेसून बाजेवर बसली होती. केस विंचरलेले. डाग निऱ्यांत गेला होता, खरंच दिसत नव्हता. देवळाकडून पोरांचा गलका येत होता, मग एका बाईचा आवाज, दुसऱ्याच बाईचा, गाणं सांगणारा. वस्ती लहान. सगळं ऐकू यायचं. ती ऐकत राहिली. गाणं संपलं तेव्हा उठली, साडी बदलली, आणि गोणपाट ओढलं.

वरचा साहेब आला तो पाऊस लागल्यावर. छत्री, गंबूट, आणि तोच कागद प्लास्टिकच्या पिशवीत. त्याच्या मागे तो पोरगा नव्हता. कदाचित त्याचे महिने भरले असतील. या वेळी मी घरी होतो आणि बायको वळत बसली होती. मी डोळ्याने खुणावलं, उचल. ती हलली नाही. सूप मांडीवर, कैची हातात.

साहेब बाजेच्या कडेवर बसला. "आधी लिहिलेलं बरोबर आहे का, तेवढं बघायचंय." त्याने बोट ठेवून वाचलं. माझं नाव, बायकोचं, पोरीचं. "आणि म्हातारी? गावाहून आल्या का?"

मी तोंड उघडलं. बायको म्हणाली, "ती मेली. दोन वर्षं झाली मरून. ती काही वळत नाही. विड्या मी वळते. आताही वळून राहिली, बघा."

मला जेलच दिसलं, आणि जेलाच्या आधी फाटक दिसलं. मी म्हणालो, "साहेब, तिच्या बोलण्यावर जाऊ नका..."

साहेबाने पेन्सिल काढली. मायच्या नावावर एक आडवी रेघ मारली. बायकोच्या नावापुढचं खोडलं आणि काही लिहिलं. "बरं झालं सांगितलंत. असं पुष्कळ घरी होतं." आणि पुढचं पान उलटलं.

आम्ही दोघं त्याच्याकडे बघत राहिलो. बायकोने विचारलं, "बस? एवढंच?"

"एवढंच."

"आमाले काही होणार नाही?"

"काय व्हायचंय बाई? यात तुमचं नावसुद्धा पुढे जात नाही. आम्ही लिहून नेल्याने कोणाचं वाईट होत नाही." कागद चाळत तो म्हणाला, "चांगलंही होत नाही म्हणा." तो सरळ माणूस होता. त्याने आणखी दोन-तीन गोष्टी विचारल्या, पान कोण देतं, घरी आणून देतं का, आणि कागद पिशवीत टाकू लागला.

"थांबा जी," बायको म्हणाली. "तो सवाल नाही विचारला तुम्ही."

"कोणता?"

"काम मिळालं तर करान का, तो. मागच्या वेळी विचारला होता. माह्यं उत्तर बरोबर लिहिलं नव्हतं त्यानं."

साहेबाने आठवून बघितलं. "अच्छा, तो. तो काही न करणाऱ्या बायकांना विचारायचा असतो. तुम्हाला आता नाही लागू. तुम्ही तर कामावर आहात."

छत्री उघडून तो गेला. चिखलात त्याचे गंबूट वाजत राहिले, काकूच्या दारापर्यंत.

माझा जीव भांड्यात पडला होता. मी म्हणालो, "पाहिलं? काही झालं नाही."

"हौ," ती म्हणाली. "काहीच नाही झालं."

मग तिने गोणपाट उचललं, सूप उचललं, आणि खोलीच्या आतली तिची नेहमीची जागा सोडून दारात गेली. उंबरठ्यावर बसली, तोंड गल्लीकडे करून. बाहेर झिमझिम चालू होती. तिन्हीसांज होत आली होती.

मी म्हणालो, "उंबरठ्यावर काहून बसली वं? या वेळेले बसत नसतेत तिथं. आत बस ना."

तिने पानावर जर्दा पसरला, विडी वळली, तोंड दुमडलं, दोरा गुंडाळला. मागे बघितलं नाही.

"राहू द्या जी," म्हणाली. "पाय तरी बाहेर राहू द्या."